तारेचे तुकडे

श्रोतेहो, नमस्कार.

8 फेब्रुवारी 2025, शनिवार. रशियाच्या सीमेलगतचं विलाका, लॅटव्हियातलं एक छोटं गाव. क्रेनच्या पाळण्यात उभं राहून कामगारांनी रशियाकडे जाणारी शेवटची वीजवाहिनी उतरवली. खाली लोक जमले होते, आणि देशाचे ऊर्जामंत्री कास्पार्स मेल्निस त्या तारेचे तुकडे त्यांना आठवण म्हणून वाटत होते.

विजेची तार तोडली म्हणून कुणी आनंद करतं का? पण एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया 1991 साली सोव्हिएत संघातून मोकळे झाले, 2004 साली नाटोत आणि युरोपीय संघात गेले, तरी त्यांचं वीजजाळं रशियाशीच जोडलेलं राहिलं. वीजजाळ्यात वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं घेतो तो आकडा, 50 हर्ट्झवर धरून ठेवावी लागते. ती फार ढळली की अंधार. ती धरून ठेवण्याची सूत्रं होती मॉस्कोत. घर आपलं, पण मेन स्विच शेजाऱ्याच्या ओट्यावर. आणि त्याच शेजाऱ्यानं 2022 साली युक्रेनवर चाल केलेली! त्याच वर्षी या तिघांनी रशियाची वीज विकत घेणं थांबवलं, पण जोड तुटायला आणखी तीन वर्षं लागली. तार उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी ते पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्याला जोडले गेले. मधल्या काळात तिघं आपल्याच बळावर चालले आणि दिवे गेले नाहीत. मला तो दिवस जिंकलेल्या लढाईइतका मोठा वाटतो.

जमिनीवरचं हे निभावलं. समुद्राखाली काय? त्याच्या दीड महिना आधी, ऐन नाताळच्या दिवशी, फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी एस्टलिंक-2 ही 650 मेगावॅटची समुद्राखालची केबल अचानक बंद पडली. फिनलंडनं 'ईगल एस' हे तेलवाहू जहाज अडवलं. ते रशियाच्या बंदरातून निघालेलं, झेंडा मात्र दूरच्या कुक बेटांचा. त्याचा नांगर समुद्राच्या तळावरून मैलोन्‌मैल घासत गेला होता. केबल दुरुस्त व्हायला जून उजाडला.

खरी पंचाईत इथंच आहे. रणगाडा सीमा ओलांडून आला, तर नाटोचं पाचवं कलम आहे: एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा. पण घसरलेल्या नांगराला हल्ला म्हणायचं की अपघात? नाटोनं जानेवारी 2025मध्ये बाल्टिक समुद्रात गस्त वाढवली, जहाजं आणि विमानं पाठवली. गस्तीनं जहाज दिसेल. कप्तानाच्या मनातला हेतू कसा दिसणार?

हेलसिंकीत कप्तानावर आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला. तिघांनीही आरोप नाकारले. ऑक्टोबर 2025मध्ये न्यायालयानं सांगितलं, की घटना फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर घडली, म्हणून हा खटला चालवण्याचा अधिकारच आपल्याला नाही. आरोपींच्या वकिलांचा खर्चसुद्धा फिनलंडच्या सरकारवर पडला.