बाजू आधी कोणी सांगायची?

श्रोते हो, नमस्कार. २००८ सालच्या जून महिन्यात, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, क्रिकेट आणि बेसबॉल या दोन्ही खेळांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: चेंडू टाकणारा आणि टोलवणारा, या दोघांपैकी आपली बाजू आधी कोणी उघड करायची?

बेसबॉलमध्ये दोन्ही बाजूंनी फलंदाजी ही लहानपणापासून घोटलेली विद्या असते. उजव्या हाताच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर जातो आणि डावखुऱ्याच्या दिशेने आत येतो. म्हणून दोन्ही बाजू अवगत असलेला फलंदाज नेहमी पिचरच्या विरुद्ध हाताने उभा राहतो. अमेरिकेचा प्रसिद्ध बेसबॉलपटू मिकी मँटल लहान असताना वडील उजव्या हाताने चेंडू टाकत तेव्हा तो डावखुरा होई, आणि आजोबा डाव्या हाताने टाकू लागले की उजवा. पुढे त्याने ५३६ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) केले, आणि अशा फलंदाजांमध्ये हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

क्रिकेटमध्ये हे क्वचितच घडते. १९८१-८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात, फिरकीला साथ देणाऱ्या बंगळूरच्या खेळपट्टीवर, सुनील गावसकर डावखुऱ्या रघुराम भट यांच्यासमोर डावखुरे उभे राहिले, इतर गोलंदाजांना मात्र नेहमीप्रमाणे उजव्या हाताने खेळले आणि १८ धावांवर नाबाद राहिले. बाहेर वळणारा चेंडू त्यांनी आत येणारा करून घेतला. मला त्यातला सच्चेपणा विशेष भावतो, कारण ते चेंडू पडण्याआधीच उघडपणे त्या बाजूला उभे होते.

१५ जून २००८ रोजी इंग्लंडच्या केव्हिन पीटरसनने न्यूझीलंडच्या स्कॉट स्टायरिसला जे दोन षटकार मारले, त्यांची गोष्ट निराळी आहे. गोलंदाज धावत येत असतानाच त्याने पाय आणि हातांची पकड दोन्ही बदलले. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने दोनच दिवसांत हा फटका वैध ठरवला. १९ जूनला अमेरिकेतील बेसबॉलच्या एका मायनर लीग (दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धेतील) सामन्यात पॅट व्हेंडिट हा दोन्ही हातांनी टाकणारा पिचर आणि दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज समोरासमोर आले आणि दोघेही आळीपाळीने बाजू बदलत राहिल्याने खेळच खोळंबला. त्यानंतर नियम झाला की पिचरने आधी हात जाहीर करावा. तो चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात आल्यावर फलंदाजाने बाजू बदलली, तर फलंदाज बाद, हा नियम आधीपासूनच होता.

बेसबॉलचा हा तोडगा मला अधिक न्याय्य वाटतो. क्रिकेटमध्ये हात बदलायचा तर गोलंदाजाला पंचांना आधी कळवावे लागते, फलंदाजाला मात्र ते बंधन नाही. शिवाय लेग बाजू कोणती, हे गोलंदाजाने धाव घ्यायला सुरुवात केली त्या क्षणीच्या पवित्र्यावरून ठरते, त्यामुळे मूळ लेग यष्टीबाहेर टप्पा पडला, तर फलंदाज उलटा फिरूनही पायचीत होत नाही. फटक्यावर बंदी नको, कारण तो अत्यंत अवघड आणि देखणा आहे; पण जो बाजू बदलतो, त्याच्यापुरते पायचीतचे हे संरक्षण काढून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.