गोळी शेवटी सुटते

(कोथरूडमधल्या एका वाचनालयात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी फोनवर विषय सांगितला तो असा: 'मोबाईल गेमच्या विळख्यात तरुण पिढी'. मी म्हटलं, विळख्यात मी बावीस वर्षं आहे, मोबाईलवर खेळत नाही, आणि वय शेहेचाळीस. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "मग तुम्हीच विषय सुचवा." म्हणून आजचा विषय हा, की बंदुका घेऊन खेळायच्या या ऑनलाइन खेळांत मजा नेमकी कशाची येते. डोळे, पाठ, परीक्षा यांच्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. आज फक्त मजेबद्दल बोलतो.

गोष्ट २००३ सालची. टिळक रोडच्या एका गल्लीत तळमजल्यावर सायबर कॅफे होता. पुढच्या खोलीत लोक ईमेल बघायचे, रेल्वे भरतीचे निकाल, अमेरिकेतल्या मुलाचे फोटो. मागच्या खोलीत दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, आणि तिथे आम्ही. माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती काढून आतल्या चाकांवरचा मळ नखाने खरवडल्याशिवाय सामना सुरू होत नसे. गुरुवारी लाइट जायची, तेव्हा गुरुवारी अभ्यास.

खेळ होता काउंटर-स्ट्राइक. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या दुसऱ्याच खेळाच्या अंगावर चढवलेलं हे बांडगूळ. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने ते आपलं म्हणून विकायला काढलं. दोन बाजू, पाच-पाच जण. एका बाजूने ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. फेरीत एकदा मेलात की मेलात. पुढची फेरी सुरू होईपर्यंत गप्प बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा. इथे ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, त्यांना सांगतो: खो-खोत बाद झालेला गडी जसा कडेला जाऊन बसतो, तसंच.

आता एकच फेरी सांगतो. ती मला जशीच्या तशी आठवते, कारण ती मी हरलो.

नकाशा डस्ट टू. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या माणसाने २००१ मध्ये केलेला, पिवळ्या दगडी भिंतींचा, उन्हात भाजलेला एक गाव. आम्ही बॉम्ब लावला होता. आमचे दोघे जिवंत. मी बोगद्याच्या तोंडाशी, माझा मित्र दरवाजाच्या आड. समोरचा एकच उरलेला. त्याला आपण 'भिकाजी' म्हणू, कारण तो आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बॉम्ब फुटायला पंचेचाळीस सेकंद. निकामी करायचं अवजार विकत घेतलेलं असेल तर पाच सेकंद लागतात, नसेल तर दहा. भिकाजीकडे ते नव्हतं. आणि निकामी करत असताना बंदूक चालवता येत नाही. मेलेले सातही जण उठून आमच्या खुर्च्यांच्या मागे उभे. खोलीत पंख्याचा आवाज आणि बॉम्बची टिकटिक, जी क्षणाक्षणाला जलद होत जाते.

निकामी करायला सुरुवात केली की एक बारीक आवाज होतो. तो आम्हा दोघांना ऐकू आला. म्हणजे भिकाजीचे हात अडकलेत. माझा मित्र दारामागून बाहेर पडला, आणि पडताक्षणी मेला. भिकाजीने निकामी करायला घेतलंच नव्हतं. एक सेकंद बटण दाबून सोडलं होतं आणि बंदूक रोखून दाराकडे बघत उभा राहिला होता.

राहिलो मी एकटा. पुन्हा तोच आवाज आला. आता सांगा, काय करायचं? खरं असेल तर दहा सेकंदांत मला जावंच लागेल. खोटं असेल तर जाणं म्हणजे मरण. मला माहीत होतं, त्याने एकदा फसवलंय. त्यालाही माहीत होतं, की मला ते माहीत आहे. मी मनातल्या मनात मोजत होतो. तीन. चार. आत्ता थांबेल, आत्ता थांबवेल. सहा. सातला वाटलं, छे, हा तर खरंच करतोय. पळालो, कोपरा वळलो, आणि बॉम्ब निकामी झाल्याचा आवाज माझ्या पहिल्या गोळीच्या आधी आला. मागे सात माणसं ओरडली. त्यांत माझ्याच बाजूची तीन होती.

या अख्ख्या प्रसंगात नेम धरण्याला लागलेला वेळ अर्धा सेकंदही नसेल. बाकी सगळी हूल. मराठीत हा शब्द आहे आणि तो फार चांगला शब्द आहे. खो-खोत पळणारा एका खांद्याने डावीकडे झुकतो आणि उजवीकडून निसटतो, कबड्डीत चढाई करणारा नुसता पाय पुढे टाकून मागे घेतो, तीच ही. डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये खो-खोचे नियम लिहायला बसलेल्या मंडळींना भिकाजीची चाल समजावून सांगायला फार वेळ लागला नसता. त्यांनी बहुधा एवढंच विचारलं असतं, की पंच कुठे उभा राहतो.

नियमाचा काना-मात्रा बदलला की हुलीचा अर्थ कसा बदलतो, हे बघण्यासारखं आहे. हल्ली मी माझ्या भाचीबरोबर व्हॅलोरंट खेळतो. हा खेळ २०२० चा. बॉम्बला इथे स्पाइक म्हणतात आणि निकामी करायला सात सेकंद लागतात. पण अर्धं काम, म्हणजे साडेतीन सेकंद, झालं की तेवढं जमा राहतं. मध्येच सोडून गेलात तरी परत येऊन उरलेलं अर्धंच करायचं. आता विचार करा. भिकाजीची हूल निव्वळ खोटी होती. इथे हूल देता देता अर्धं खरं काम उरकता येतं. समोरच्याला नुसतं 'खरं की खोटं' एवढंच ओळखून चालत नाही, 'अर्धं झालं का' हेही मोजावं लागतं. एका छोट्या नियमाने केवढी गंमत वाढवली!

दुसरी मजा पैशांची. हो, बंदुका फुकट नाहीत. काउंटर-स्ट्राइकमध्ये सुरुवातीला आठशे डॉलर मिळतात, तेवढ्यात पिस्तूल आणि किरकोळ वस्तू. आमच्या वेळी एके-४७ अडीच हजाराला होती. जिंकलात की पैसे जास्त, हरलात की कमी, मात्र सलग हरत राहिलात तर हरल्याचे पैसे फेरीगणिक वाढत जातात, म्हणजे अगदीच मेटाकुटीला आलेला संघही उठून बसू शकतो. कधीकधी पाचही जणांनी ठरवून काहीच विकत घ्यायचं नाही, पिस्तुलांवर मरायचं आणि पुढच्या फेरीसाठी साठवायचं. दिल्लीच्या एका मित्राला हे पटवायला मला महिना लागला. आमच्या सदाशिव पेठेतल्या मुलांना शिकवावं लागलं नाही.

नकाशातल्या प्रत्येक कोपऱ्याला नाव असतं, कारण 'तिकडे आहे रे!' असं ओरडून काही कळत नाही. जगभर या नकाशात 'पिट', 'टनेल', 'कॅट' म्हणतात. आमच्याकडे पिटचा खड्डा झाला, टनेलचा बोगदा, आणि मधल्या दोन दारांना कोणीतरी 'तुळशीबाग' म्हणायला लागला, कारण तिथून गेलं की धक्का लागल्याशिवाय कोणी सुटत नाही. 'खड्ड्यात एक, तुळशीबागेत दोन, एकाचं रक्त कमी' या एका वाक्यावर पाच माणसं एकदम वळायची. बॅडमिंटनच्या दुहेरीत जोडीदाराला 'तुझं' किंवा 'माझं' एवढंच सांगायचं असतं, तशी ही हाक. फक्त ती भिंतीपलीकडचं सांगते. बाय द वे, बॅडमिंटनला इंग्रज एकेकाळी 'पूना'च म्हणत आणि त्याचे सुरुवातीचे नियम १८७३ मध्ये आपल्याच गावात झाले, असं सांगतात. तेव्हा बाहेरच्या खेळात आपण शिरलोय असा न्यूनगंड पुणेकराने बाळगू नये.

आता जरा यंत्राकडे येऊ. दोन माणसं एका खोलीत असतात तेव्हा प्रश्न नसतो. ती दोन शहरांत असली की मध्ये तार येते, आणि तारेतला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या खेळाचा हिशोब ठेवणारा मधला कॉम्प्युटर, सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन आठेक हजार किलोमीटर होतात, म्हणजे अगदी कागदावरसुद्धा चाळीस मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात त्याहून बरेच. आता मुंबईत सर्व्हर आले आणि आपलं भाग्य उजळलं. तरी थोडा उशीर राहतोच.

हा उशीर लपवायची युक्ती १९९६ मध्ये जॉन कार्मॅक या प्रोग्रामरने क्वेक या खेळासाठी केली. तुम्ही पुढे जायचं बटण दाबलं की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. 'परवानगी मिळेलच' असं गृहीत धरून तुम्हाला पुढे नेतो, आणि नाहीच मिळाली तर गुपचूप मागे आणून ठेवतो. पुढे व्हॉल्व्हने आणखी एक केलं. तुम्ही गोळी झाडली की सर्व्हर घड्याळ किंचित मागे फिरवतो आणि तपासतो, की झाडताना तुमच्या पडद्यावर शत्रू कुठे दिसत होता. तिथे तो असेल तर लागली. म्हणूनच 'मी भिंतीमागे गेलो होतो तरी मेलो' ही तक्रार रोज ऐकू येते. मारणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही गेला नव्हतात! गंमत म्हणजे याचा फायदा दबा धरून बसलेल्याला होत नाही, तर अचानक कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला होतो. त्याला तुम्ही आधीच दिसता, आणि तो आल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचायची असते. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो तो ही फट बारीक करण्यासाठीच. बुजवता ती येत नाही.

माझं वय झालं, हात मंदावलाय. भाची वीस वर्षांची. समोरासमोर दहा वेळा भेटलो तर नऊ वेळा ती मला मारते. पण एकत्र खेळताना ती मला विचारते, "मामा, आता ते कुठून येतील?" आणि मी सांगतो, आणि बऱ्याचदा ते तिथूनच येतात. कारण दोन फेऱ्या डावीकडून मार खाल्लेला माणूस तिसऱ्यांदा काय करतो, हे मागच्या खोलीत मी पुष्कळ पाहिलंय. आमची जोडी बरी जमते.

एक गोष्ट मात्र मला सलते. भाची माइक बंद ठेवून खेळते. मुलीचा आवाज आला की अनोळखी पोरं काय बोलतात ते मी स्वतः ऐकलंय आणि इथे सांगणार नाही. हाकेवर चालणारा हा खेळ, आणि ज्या खेळाडूची नजर सगळ्यांत तेज तिने मुकं राहायचं. ती नकाशावर खुणा करून काम भागवते. मी तिच्या वतीने ओरडतो. हा काही उपाय नव्हे.

आणि कॉपी करणारे. भिंतीपलीकडचं दाखवणारी, नेम आपोआप लावून देणारी चोरटी सॉफ्टवेअरं असतात, कंपन्या त्यांच्या मागावर असतात, हे चालूच आहे. मला राग हरण्याचा येत नाही. त्या माणसाला भिंतीतून दिसतंय म्हटल्यावर माझी हूल कोणासाठी? ज्याला दहावं सेकंद मोजावंच लागत नाही, त्याच्याशी खेळायचं काय?

हरण्यावरून आठवलं. या खेळांत प्रत्येकाला एक गुणांकन असतं आणि ते बघूनच जोड्या लावतात. कल्पना बुद्धिबळातून आली, आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. जिंकलात की वरच्यांशी गाठ, हरलात की खालच्यांशी. परिणाम असा, की तुम्ही कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे सामने हरता. भाचीची आई विचारते, "एवढं खेळता आणि तरी निम्मं हरता?" मी म्हणतो, ताई, म्हणूनच खेळतो. चाळीत मोठ्या दादाबरोबर क्रिकेट खेळायचं नकोसं व्हायचं, कारण बाद तो होतच नसे, बॅटही त्याचीच. इथे कॉम्प्युटर रात्री अकरा वाजता माझ्याएवढीच वाईट नऊ माणसं शोधून आणून देतो.

मध्यंतरी समोरच्या संघात एक जण होता. स्पाइक निकामी करायचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला, पुन्हा थांबला. मी भाचीला म्हटलं, "जाऊ नको. हा भिकाजी आहे." ती म्हणाली, "कोण?"

घड्याळ बघतोय, आठ वाजायला आलेत. प्रश्नांऐवजी मी लॅपटॉप आणलाय. पहिल्या रांगेतले काका मघापासून माउसकडे बघतायत. या, काका, बसा. डाव्या हाताचं मधलं बोट डब्ल्यूवर, उजव्या हातात माउस. घट्ट धरू नका, हलकेच. मेलात तर काळजी करू नका, थोड्याच वेळात पुढची फेरी सुरू होते. आणि हे हेडफोन नीट घाला. नाही, चष्म्यावरूनच. आता सांगा, पावलं कुठून ऐकू येतायत?