हेलियम कोणत्या खणातला?

(गॅसच्या शेगडीवर डाळीचं पातेलं. उकळी येते, डाळ उतू जाते.)

डाळ उतू गेली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. आपण फडकं शोधायला धावतो, रंगाकडे कोण बघतं! पण याच पिवळ्या रंगाने एकदा भल्याभल्यांना चकवलं होतं.

(विजयदुर्ग. तटाखाली वाघोटणची खाडी. किल्ल्यातले दगडी कट्टे.)

हे साहेबाचे कट्टे. कोणी ओटेही म्हणतं. लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने हेलियमचा शोध इथून लावला असं किल्ला बघायला येणाऱ्यांना सांगतात, आणि 18 ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो. ते कितपत खरं, याकडे नंतर येऊ. आधी हे ठरवू, की हेलियमचा शोध लावला कोणत्या शास्त्राने?

शाळेतलं उत्तर तयार आहे. हेलियम हे मूलद्रव्य, म्हणजे रसायनशास्त्र. वेगळी वही, वेगळा तास, वेगळ्या बाई.

(जुन्या पॅरिसचं चित्र.)

शास्त्रांची अशी वाटणी करणाऱ्यांत फ्रेंच तत्त्ववेत्ता ऑग्युस्त कोंत याचं नाव मोठं. त्याची उतरंड अशी: तळाला गणित, त्यावर खगोलशास्त्र, मग भौतिक, रसायन, जीवशास्त्र, आणि सगळ्यात वर समाजशास्त्र. वरचं प्रत्येक मडकं खालच्यांच्या आधाराने उभं, आणि वर जावं तसा विषय अधिक गुंतागुंतीचा. मांडणी हुशारीची आहे, आजही मोडीत निघालेली नाही. पण 1835 मध्ये कोंतने एक विधान केलं. ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण मोजू शकू. ते कशाचे बनलेत हे मात्र कधीच कळणार नाही.

त्याला हसू नका. रसायनशास्त्र म्हणजे प्रयोग: पदार्थ हातात घ्या, तापवा, आम्लात टाका. खगोलशास्त्र म्हणजे निरीक्षण: लांबून बघा, मोजा, आणि वाट पाहा. तारा परीक्षानळीत कोण घालणार?

1857 मध्ये कोंत वारला. त्यानंतर दोनच वर्षांत जर्मनीत, हायडेलबर्गला, रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांनी वेगवेगळे क्षार ज्योतीत धरून तिचा उजेड लोलकातून पाहायला सुरुवात केली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, एकाच्या दुसऱ्याला नाहीत. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने 1814 मध्येच पाहून त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली होती. त्या का पडतात हे कळत नव्हतं. आता कळलं. डी म्हणजे सोडियम. तुमच्या डाळीतला तोच.

तारा हातात न घेता त्याचं रसायन वाचता येऊ लागलं. कोंतच्या उतरंडीतलं रसायनशास्त्राचं मडकं खगोलशास्त्राच्या वर होतं. ते आता दुर्बिणीच्या टोकाला जाऊन बसलं.

(नकाशा. ग्रहणाची सावली भारतावरून पूर्वेकडे सरकते.)

18 ऑगस्ट 1868, खग्रास सूर्यग्रहण. गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन, मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पॉगसन, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल. चंद्राने सूर्य झाकला आणि कडेला उसळलेल्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, मुख्यतः हायड्रोजन. एक रेषा पिवळी होती. सोडियमची असेल, असं बहुतेकांना वाटलं.

जान्सेनला वेगळंच सुचलं. रेषा एवढ्या ठळक आहेत तर ग्रहण हवंच कशाला? दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने त्या पुन्हा पाहिल्या. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोठी उडी हीच. काही मिनिटांची, वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणारी संधी आता रोजच्या कामाची झाली. निरीक्षण हवं तेव्हा, हवं तितक्यांदा करता येऊ लागलं.

20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनेही तेच साधलं. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी युद्धखात्यात कारकून. पिवळी रेषा मोजली तेव्हा ती सोडियमवर बसेना. आजच्या मापात सांगायचं तर सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, आणि ही 587.6 वर. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही! रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनवर कमी-जास्त दाब देऊन पाहिला. ती रेषा काही उमटेना. मग हे नवंच मूलद्रव्य, सूर्यावरून नाव हेलियम.

अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. हातात काही नाही, नुसती एक रेषा! ही तक्रार रास्तच होती.

ती मिटायला 1895 उजाडलं. लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से खनिजांमध्ये आरगॉन वायू सापडतो का ते पाहत होता. त्याने क्लीव्हाइट नावाचं युरेनियमयुक्त खनिज आम्लात उकळलं. त्यातून निघणारा वायू आधी नायट्रोजन समजला गेला होता. रॅम्सेने त्याचा वर्णपट पाहिला आणि तीच पिवळी रेषा, 587.6 वर. जे आधी सूर्यात सापडलं ते 27 वर्षांनी दगडातून निघालं.

(पुन्हा विजयदुर्ग. कट्टे, संध्याकाळचं ऊन.)

आता या कट्ट्यांकडे. इथे दुर्बीण कामाची नाही आणि परीक्षानळीही नाही. तारखा तारखांना लावून बघायच्या, ही इतिहासाची पद्धत. आपल्याकडे ती कला शाखेत जाते, पण पुरावा मागण्यात ती कमी कडक नाही. 1868 च्या ऑगस्टमध्ये लॉकियर विजयदुर्गला नव्हता, इंग्लंडमध्ये होता. मग साहेब आलाच नाही का? आला. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला लॉकियरने आपल्या तुकडीसह विजयदुर्गलाच तळ दिला होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला गेले होते. कट्टे त्या मोहिमेचे असावेत, असं मानायला जागा आहे. तोवर हेलियमला रॅम्सेच्या नळीत येऊन तीन वर्षं झाली होती.

18 ऑगस्टचा हेलियम दिन जरूर करावा; ती पिवळी रेषा त्या दिवशी दिसली होतीच, जमखंडीपासून मच्छलीपट्टणमपर्यंतच्या पट्ट्यात. फक्त इथल्या फलकावर 22 जानेवारी 1898 एवढी तारीखही रंगवून घ्यावी.