जुन्या भावाचा ताठा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मालाच्या भावाबद्दल, आणि भावात जो ताठा घुसतो ना त्याबद्दल.

2022 मध्ये आपल्या खान्देशात कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, आठवत असेलच. पुढच्या हंगामात भाव उतरत चालला तरी कितीतरी घरांत माल तसाच पडून. शेतकऱ्याचं मी समजू शकते, त्याचा खर्चच निघत नव्हता. पण व्यापारी भाऊसुद्धा अडून बसतात, का तर मागच्या साली मी दहाने विकलाय, आता सातने दिला तर बाजारात तोंड कसं दाखवू? मना माल, मना भाव! इकडे कापूस सुकून वजनात घटतोय, पिवळा पडतोय, आणि सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज तर रविवारीही चालूच.

इंग्लंडने हेच केलं बरं का, अख्ख्या देशाने. पहिल्या महायुद्धाआधी एका पाउंडाला 4.86 डॉलर मिळायचे. युद्धात महागाई झाली, डोक्यावर कर्ज झालं, पाउंडात तेवढा दम राहिला नाही, तरी 1925 मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी पाउंड परत सोन्याला बांधला, म्हणजे त्याची किंमत ठराविक सोन्यात पक्की केली, आणि तोही त्याच जुन्या भावाने, कारण त्याखाली आलो तर लंडनची पत गेली असं तिथल्या बँकवाल्यांना वाटायचं. अर्थतज्ज्ञ केन्स सांगत होते की पाउंड साधारण दहा टक्के महाग ठेवलाय, पण ऐकतंय कोण. कोळसा परदेशात महाग पडायला लागला, खाणमालक म्हणाले मजुरी कापा, आणि 1926 च्या मे महिन्यात देशभर संप. तो नऊ दिवसांत मिटला, खाणकामगार मात्र कित्येक महिने अर्धपोटी लढले आणि शेवटी कमी मजुरीवर, जास्त तासांवर परत खाणीत उतरले. मला याचाच राग येतो, इभ्रत साहेबांची आणि पोट कापलं मजुराचं. एवढं करून 1931 च्या सप्टेंबरमध्ये तो भाव सोडावाच लागला.

आपल्याकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचं काम, थंड पडलं की हमाल आणि रोजंदारीच्या बाया घरी बसतात, मालकाच्या आधी त्यांची चूल अडते. म्हणून गादीवर बसणाऱ्या भावांनो, मागच्या सालचा भाव डोक्यातून काढा आणि सकाळी एवढंच बघा, हाच माल आज रोखीने घ्यायचा असता तर आजच्या भावात मी घेतला असता का? नसता घेतला, तर गाडी बोलवा आणि माल मोकळा करा, कमी भाव आला तरी चालेल. नमस्कार.