पाच जणांची फळी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, तिकडे रविवारी संध्याकाळी सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. २०२१ च्या फेब्रुवारीत पहाटे पाचला उठून जे कोणी टीव्हीसमोर बसले, त्यांतले बहुतेक पॅट्रिक महोम्स या एकाच खेळाडूसाठी बसले होते. कॅन्सस सिटी चीफ्सचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून किंवा सोपवून आक्रमण चालवणारा खेळाडू, तेव्हा ऐन भरात होता आणि त्याचा संघ आदल्या वर्षीचा विजेता होता. प्रत्यक्षात टाम्पा बे बकनिअर्स संघाने चीफ्सना ३१-९ असे हरवले. चीफ्सचे ते नऊ गुण तीन फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळालेले होते. टचडाऊन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेऊन मिळवलेले गुण, एकदाही नव्हते. त्या सामन्यातली एक फेक मला अजून दिसते. महोम्स मागे मागे पळत आहे, कोणीतरी त्याच्या पायांशी झेपावते, तो आडवा होतो, आणि शरीर जमिनीला समांतर असताना, पडता पडता, तो चेंडू फेकतो. चेंडू थेट एंड झोनमधल्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातल्या, सहकाऱ्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळतो आणि खाली पडतो. एवढ्या कसबाच्या फेकीतून त्या रात्री एकही गुण मिळाला नाही.

महोम्सचे काही चुकले होते, असे मला वाटत नाही. त्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांपैकी दोन्ही टोकांचे नेहमीचे खेळाडू त्या दिवशी नव्हते. एरिक फिशरच्या टाचेमागचा स्नायुबंध आधीच्याच सामन्यात तुटला होता आणि मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे कितीतरी आठवडे बाहेर होता. नोंदी ठेवणाऱ्यांनी मोजले तेव्हा महोम्सवर २९ वेळा दडपण आल्याचे दिसले, आणि सुपर बोलच्या इतिहासात तोवर असे कोणावरही झाले नव्हते. चेंडू हातातून सुटण्यापूर्वी किंवा पाडला जाण्यापूर्वी तो एकूण ४९७ यार्ड, म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर, नुसता जीव वाचवत पळाला होता.

अमेरिकन फुटबॉलच्या संघात सर्वांत महत्त्वाचा गट कोणता, हा या खेळाच्या चाहत्यांमधला जुना वाद आहे, आणि माझे त्यावरचे उत्तर या पाच जणांपाशी येऊन थांबते. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मी यापुढे नुसते ‘लाइन’ म्हणेन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल अशी ही रचना असते. आजच्या व्यावसायिक खेळात यांतल्या जवळपास प्रत्येकाचे वजन १३६ किलोंच्या वर, म्हणजे तीनशे पौंडांहून अधिक असते. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो यांचा चेंडूशी संबंध. एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची नियमानेच त्यांना परवानगी नसते. झेल, फेक, धाव या सगळ्यांचे आकडे असतात, पण लाइनमनच्या नावावर लिहायला आकडाच नसतो. पंच मैदानातल्या ध्वनिक्षेपकावरून त्याचा क्रमांक पुकारतो तो प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल, आणि त्याची शिक्षा दहा यार्डांची. आपल्याकडे यष्टिरक्षकाची आठवण जशी झेल सुटल्यावर येते, तसाच हा प्रकार आहे.

या पाच जणांनी क्वार्टरबॅकला मिळवून द्यायचे असतात अडीच ते तीन सेकंद. चेंडू हलताच ते मागे सरकत जातात, हाताचे तळवे समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने टेकवतात आणि त्याला बाहेरून वळसा घालून जायला भाग पाडतात. पंजा खांद्याबाहेर गेला आणि जर्सी मुठीत आली की तो दोष धरला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर सत्तर हजार लोक ओरडत असतात, क्वार्टरबॅकची हाक दोन हातांवरही ऐकू येत नाही. अशा वेळी एक गार्ड मान वळवून मागे पाहतो, इशारा मिळताच शेजारच्या सेंटरला हाताने थोपटतो, सेंटर मान वर करतो, मनात ठरलेले आकडे मोजतो आणि चेंडू मागे देतो. पाचही जणांनी तेच आकडे त्याच वेगाने मोजायचे असतात. एखादा अर्ध्या क्षणाने आधी हलला तर पाच यार्डांचा दंड होतो, आणि उशिरा हलला तर समोरचा त्याला ओलांडून गेलेला असतो.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. संघातल्या इतर गटांमध्ये एक अव्वल खेळाडू बाकीच्यांचे उणे भरून काढू शकतो. तीन रिसीव्हरपैकी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांपैकी, एकजण विलक्षण असेल, तर क्वार्टरबॅक त्याच्याकडेच चेंडू फेकत राहील आणि उरलेले दोघे सुमार असले तरी चालून जाईल. लाइनमध्ये हे चालत नाही. चार जण उत्तम आणि पाचवा कच्चा असेल, तर प्रतिस्पर्धी आपला सर्वांत चपळ माणूस नेमका त्या पाचव्यासमोर आणून उभा करतो आणि उरलेल्या चौघांचे कसब वाया जाते. म्हणून गट हा शब्द मला या पाच जणांनाच पुरता लागू पडतो असे वाटते.

याचा सर्वांत ठळक पुरावा जुना आहे. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते जो गिब्ज आणि लाइनचे प्रशिक्षक होते जो ब्यूगल. १९८२ च्या सराव शिबिरात ब्यूगल यांनी आपल्या धिप्पाड शिष्यांना ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, असे नाव दिले आणि त्या मंडळींनी ते अभिमानाने मिरवले. गाव इतके वेडे झाले की काही बाप्ये बायकी झगे घालून आणि नाकावर डुकराची रबरी नाके चढवून सामन्याला येऊ लागले. लाइनमनसाठी एवढे सोंग घेणारे प्रेक्षक मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. या लाइनमधले जो जेकोबी आणि जेफ बॉस्टिक यांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने निवडले नव्हते.

जानेवारी १९८३ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टन मायामीविरुद्ध १७-१३ असे मागे होते. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चौथ्या सत्रात चौथा प्रयत्न होता, आणि हवा होता फक्त एक यार्ड. काय होणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. चेंडू रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, जॉन रिगिन्स याच्याकडे गेला, डाव्या बाजूची लाइन पुढे सरकली, आणि रिगिन्सने एका यार्डाऐवजी ४३ यार्ड धावून टचडाऊन केले. वॉशिंग्टन २७-१७ असे जिंकले. त्या संघाचा क्वार्टरबॅक होता जो थाइसमन. १९८८ च्या जानेवारीत त्यांनी डेन्व्हरला ४२-१० असे हरवले तेव्हा क्वार्टरबॅक होता डग विल्यम्स, आणि १९९२ च्या जानेवारीत बफेलोला ३७-२४ असे हरवले तेव्हा होता मार्क रिपिन. दहा वर्षांत तीन विजेतेपदे आणि तीन निरनिराळे क्वार्टरबॅक! जेकोबी, बॉस्टिक आणि रस ग्रिम हे तिघे मात्र तिन्ही वेळा संघात होते. डेन्व्हरविरुद्ध तर टिमी स्मिथ नावाच्या नवख्या रनिंग बॅकने २०४ यार्ड धावून सुपर बोलचा विक्रम केला. हा स्मिथ पुढे लीगमध्ये फार काळ टिकलाही नाही. त्या एका संध्याकाळी त्याच्यापुढे एवढ्या रुंद वाटा कोणी मोकळ्या केल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको.

चीफ्सनेही टाम्पाकडून झालेल्या पराभवातून हाच अर्थ काढला. २०२१ च्या पुढच्या हंगामात त्यांच्या लाइनमधले पाचही जण नवे होते. डावखुरा सेंटर क्रीड हम्फ्री हा दुसऱ्या फेरीत निवडलेला होता, तर फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे इतरांनी टाळलेला गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत हाती लागला होता. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये त्यांची गाठ फिलाडेल्फिया ईगल्सशी पडली. ईगल्सने त्या हंगामात विरोधी क्वार्टरबॅकना तब्बल ७० वेळा चेंडूसह पाडले होते, पण अंतिम सामन्यात महोम्सला ते एकदाही पाडू शकले नाहीत आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. त्या दिवशी मैदानाचे गवत निसरडे होते, त्यामुळे धावून येणाऱ्यांचे पाय घसरत होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बचावाची पहिली फळीच सर्वांत महत्त्वाची, असे म्हणणारे मला २०२५ चा सुपर बोल दाखवतात. ईगल्सने त्या फळीच्या जोडीला जादा माणूस एकदाही न पाठवता महोम्सला सहा वेळा पाडले आणि ४०-२२ असा विजय मिळवला. हा दाखला मला अवघड वाटत नाही. चीफ्सला चांगला डावा टॅकल त्या वर्षी मिळालाच नव्हता, आणि जो थूनी हा मुळातला गार्ड त्या टोकावर उभा केलेला होता.

अवघड प्रश्न क्वार्टरबॅकचा आहे, आणि तो सिनसिनाटी बेंगल्सच्या जो बरोने उभा केला. २०२० मध्ये पदार्पणाच्या हंगामातच त्याचा गुडघा मोडला. पुढच्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सपुढे दोन नावे होती: पेने स्युवेल हा टॅकल आणि जमार चेस हा रिसीव्हर. बरोला वाचवा, असे अर्धे शहर म्हणत होते. संघाने चेसला घेतले. त्या मोसमात चेसने १,४५५ यार्ड मिळवले, बरो बाद फेरीसह ७० वेळा पाडला गेला, टेनेसीविरुद्ध तर एकाच सामन्यात नऊ वेळा, आणि तरीही तो सामना बेंगल्सने १९-१६ असा जिंकून पुढे सुपर बोल गाठला. अर्थात टेनेसीत शेवटचे तीन गुण किकरने, म्हणजे फील्ड गोल मारणाऱ्याने, शेवटच्या क्षणी ५२ यार्डांवरून मिळवले, आणि किकरांचा गट म्हणावा तर तो एका माणसाचा. पण कच्च्या लाइनमागूनही असामान्य क्वार्टरबॅक कुठवर जाऊ शकतो, हे मला मान्य करावे लागते.

तो नेमका कुठवर गेला, हे १३ फेब्रुवारी २०२२ ला दिसले. लॉस एंजेलिस रॅम्स २३, बेंगल्स २०. मिनिटाहून कमी वेळ उरला होता. मैदानाच्या मध्याजवळ चौथा प्रयत्न होता, आणि हवा होता एक यार्ड. बरो त्या सामन्यात आधीच सात वेळा पाडला गेला होता. चेंडू मागे आला. आतल्या बाजूने आरन डोनल्डने समोरच्या गार्डला ओलांडले आणि बरोला कंबरेत धरून गरकन फिरवले. पडता पडता बरोने चेंडू जवळच्या सहकाऱ्याच्या दिशेने भिरकावला. तो जमिनीवर पडला आणि सामना संपल्यात जमा झाला. नंतर चित्रण पाहणाऱ्यांना चौकटीच्या दुसऱ्या कडेला आणखी एक गोष्ट दिसली. चेसवर नजर ठेवणारा जेलन रॅम्झी घसरून पडला होता, आणि चेस रिकाम्या मैदानातून एकटाच एंड झोनकडे धावत होता.