शाळा सुटल्यावरचे सेव-परमल

नमस्कार, श्रोतेहो. दुपारच्या शाळा सुटायची वेळ झाली. आता घरोघरी दप्तरं कोपऱ्यात पडतील आणि "आई, खायला काय आहे?" अशी हाक येईल. या हाकेला आपल्या इंदूरचं जुनं उत्तर आहे, सेव-परमल. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

परमल म्हणजे कुरमुरे. रामबागेत, राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आपण वाढलो, तेव्हा स्वयंपाकघरात परमलांचा पत्र्याचा डबा असायचाच. शाळेतून आलो की आजी परात पुढ्यात ओढायची. तिचा क्रम ठरलेला. आधी परमलांवर चमचाभर कच्चं गोडं तेल, ते हलक्या हातानं चोळायचं. मग तिखट, मीठ, मेतकूट. त्यानंतर बारीक चिरलेला कांदा. टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू अगदी शेवटी.

या क्रमाला कारण आहे. परमल फुलतात तापलेल्या वाळूत. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, दाणा फुगतो आणि आतून पोकळ होतो. म्हणूनच तो पाणी लगेच ओढतो आणि सादळतो. तेलाचा हात आधी फिरला की टोमॅटोचं पाणी आत मुरायला जरा वेळ लागतो. आजीनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण तिच्या परातीतले परमल शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहायचे.

वरून सेव, आणि ती सढळ हातानं! इंदूरच्या माणसाला सेवेत काटकसर जमत नाही. लवंग-मिऱ्याची रतलामी सेव मोठ्यांसाठी, मुलांना साधी बारीक. आणि चिमूटभर जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा आपला माळवी मसाला. त्यातल्या आमचुरानं आणि काळ्या मिठानं जिभेला जी चव येते, ती नुसत्या तिखट-मिठानं येत नाही.

इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर 1818 साली होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि मराठी घरं इथं आणखी रुजली. मेतकूट आपण बरोबर आणलं, सेव आणि जीरावन माळव्यानं दिलं. मला तर ही परात आपल्या इंदुरी मराठीसारखीच वाटते.

आज मुलांच्या हाती चटकन पाकीट जातं. नोकरी करणाऱ्या आईची ओढाताण मी जाणते, पण सेव-परमलाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, गॅसही पेटवावा लागत नाही. परात मध्ये ठेवा आणि मुलांनाच कालवू द्या. एक जण मिरची वेचून बाजूला काढील, दुसरा शेंगदाणे शोधत बसेल, आणि तेवढ्यात वर्गात काय झालं ते सगळं कानावर येईल. मात्र अगदी लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी दाण्याचं कूट घाला.

डब्यातले परमल सादळले असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर परता आणि गार झाल्यावरच कालवा. एकदम भरपूर कालवून ठेवू नका. मुलांनी आणखी मागितले, तर पुन्हा दोन मुठी घ्या.

नमस्कार.