रेषेचा उजवा हात

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चक्रीवादळाचा माग कागदावर कसा काढावा’. तिथवर नेणारच आहे. पण आधी एका प्रश्नाचा निकाल लावू, नाहीतर कागदावर ठिपके मांडून काही हाती लागणार नाही. वादळ उठलं की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच असतं: ‘नेमकं कुठे धडकणार?’ माझ्या मते विचारायला हवं ते असं, की वादळाच्या वाटेच्या रेषेच्या कोणत्या हाताला माझं गाव आहे, आणि किती लांब.

निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२०. दोन दिवस टीव्हीवर एक लाल रेषा फिरत होती आणि चर्चा एवढीच, की ती मुंबईपासून किती किलोमीटर. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. रेषा मुंबईवरून गेली नाही म्हटल्यावर ‘संकट टळलं’ असं झळकलं. कोणाचं टळलं? त्याच दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरात कौलं आणि पत्रे उडत होते. बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड, दापोलीतली घरं उघडी पडत होती. मंडणगड-दापोलीवरून रेषा गेलीच नव्हती! ती त्यांच्या उत्तरेला होती, आणि म्हणूनच त्यांनी जास्त सोसलं.

कसं ते बघा. आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. आता सगळ्यांनी, बसल्या बसल्याच, ईशान्येकडे तोंड करा. ईशान्य त्या दाराच्या कोपऱ्यात आहे. निसर्ग तिकडेच चाललं होतं. तुमचा उजवा हात आग्नेयेला गेला. मागच्या रांगेत काहींनी डावा वर केलाय, त्यांनी तो आधी बदलून घ्या, कारण पुढचं सगळं या हातावर आहे. उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, वादळाची स्वतःची चालही त्याच्याच दिशेची, म्हणून जोर वाढतो आणि पाणी किनाऱ्यावर रेटलं जातं. डाव्या हाताला वारा जमिनीकडून समुद्रात जातो आणि वादळाची चाल त्याच्यातून वजा होते. मुंबई त्या दिवशी डाव्या हाताला होती, दापोली उजव्या.

ज्यांच्यावरून केंद्रच जातं त्यांचं दुखणं वेगळं. अर्धा दिवस वारा एका बाजूने झाडं हलवून मुळं सैल करतो, मध्ये सगळं शांत होतं, आणि मग तो उलट दिशेने येतो. सुपारीचं झाड उंच, सडपातळ, मुळं वरवरची. ते पडतं तेव्हा शेजारच्या दोन-तीन पोफळींना घेऊन पडतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या अशाच आडव्या झाल्या. नव्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

बाजू ओळखायची ही गोष्ट काही नवी नाही. बंदरावरचे वादळाच्या इशाऱ्याचे बावटे तेच सांगतात. तीन नंबरचा बावटा सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाच, सहा आणि सात वाचून बघा. पाच म्हणजे धोका आहे आणि बंदर वादळाच्या डाव्या हाताला राहील. सहा म्हणजे उजव्या हाताला. सात म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ, दहा म्हणजे तीच तीन उत्तरं, फक्त मोठ्या धोक्याची. ‘सहा नंबर लागला’ एवढंच सांगून आपण मोकळे होतो, त्याचा अर्थ कोणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि तौक्ते! मे २०२१. ते तर महाराष्ट्रात चढलंच नाही, १७ तारखेच्या रात्री दीवजवळ गुजरातला गेलं. पण ते उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर चाललं होतं. म्हणजे उजव्या हाताला कोण? गोव्यापासून पालघरपर्यंतचा सगळा किनारा. केंद्र मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटरवर असताना कुलाब्याला ताशी शंभराच्या वर झोत होते.

चिठ्ठी आली आहे, पंधराच मिनिटं उरलीत. मग रडार राहू दे. एवढंच लक्षात ठेवा की पृथ्वीची गोलाई आणि झोताचा किंचित चढ यांमुळे दोनशे किलोमीटरवर रडारचा झोत चार किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. लांबच्या वादळाचा वरचा भागच त्याला दिसतो, पायथा दिसत नाही.

आता कागद. कोकणच्या अक्षांश-रेखांशांचा साधा नकाशा, मोजपट्टी आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, आपल्याकडे रेखांशाचा साधारण १०५. चक्रीवादळ झालं की बुलेटिन दर तीन तासांनी येतं. त्यातली जागा ठिपक्याने मांडा, शेजारी वेळ लिहा. वेळ ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर साडेपाच तास मिळवा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एका ठिपक्यावरून वादळ वळलं म्हणू नका. रात्री उपग्रहाला खालचं केंद्र उंच ढगांखाली नीट दिसत नाही, ठिपका सहज तीस-चाळीस किलोमीटर इकडेतिकडे होतो. सहा तासांपूर्वीचा आणि आत्ताचा ठिपका जोडा, दिशा आणि वेग त्यातून काढा.

आपला किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर आणि वादळ तिरकं येतं, हे विसरू नका. केंद्र किनाऱ्यापासून १५० किलोमीटरवर असेल आणि किनाऱ्याशी ४५ अंशांत येत असेल, तर ते समोरच्या गावापासून १५० किलोमीटर उत्तरेला टेकेल. तोच कोन ३५ झाला की २१४ किलोमीटर. दहा अंशांत ६४ किलोमीटरचा फरक, म्हणजे श्रीवर्धनचं अलिबाग झालं. काटकोनात येणाऱ्या वादळात तेवढ्याच चुकीला २६ किलोमीटरच फरक पडतो. म्हणून कोकणात शेवटच्या सहा तासांपर्यंत गावाचं नाव पक्कं धरू नका. हवामान खात्याच्या नकाशावरचा तो पसरत जाणारा शंकू केंद्र कुठे असू शकेल एवढंच सांगतो. वारा शंकूच्या बाहेरही जातो.

शेवटचं, भरती. कोळी मंडळींचा हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, तास-दीड तास इकडेतिकडे. ३ जूनला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती, बाराची पाऊणपट नऊ. सकाळची भरती होऊन गेली होती, वादळ ओहोटीवर चढलं. तेच तीन-चार तास आधी आलं असतं तर उधाणाच्या पाण्यावर ते पाणी चढलं असतं. तेव्हा ठिपक्यांवरून पोहोचण्याची वेळ निघाली की शेजारी भरतीची वेळ लिहा, आणि दोन्हींत तीन तासांहून कमी अंतर असेल तर खाडीकाठच्या घरांतली माणसं आधी हलवा. नकाशे दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, प्रत्येकी एक घ्या.